रोजचा ताण : आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडे तुम्ही तो कसा हलका करता?

मलप्रभाकाठ

घरात कुणी गेलं, कुणाचं ऑपरेशन निघालं, की आपल्याकडे गल्ली धावून येते. जेवणाचे डबे येतात, दवाखान्यात रात्री थांबायला माणूस मिळतो. रोजच्या ताणाला मात्र कुणी येत नाही, कारण तो कुणाला दिसतच नाही. सासूबाईंच्या गोळ्या, पोराची फी, बचत गटाचा हप्ता, पावसात चुकलेली बस, भाताचं रोप तयार आणि लावणीला बायका मिळेनात. एकेक घेतलं तर काहीच नाही. सगळं मिळून रात्री अडीचला डोळा उघडतो तो पहाटेपर्यंत मिटत नाही.

मी खानापूर तालुक्यात हायस्कूलला शिकवते. पालकसभेला येणाऱ्या बायका सांगतात ते सगळं सारखंच असतं: डोकं जड, छातीत धडधड, जेवणावरची वासना गेलेली, पोरांवर विनाकारण हात उठतो. डॉक्टरांनी बीपी बघितलं, ईसीजी काढला, सगळं चांगलं आहे म्हणाले आणि ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगून घरी पाठवलं. टेन्शन घ्यायचं नाही म्हणजे सकाळी उठून नेमकं करायचं काय, एवढंच कुणी सांगत नाही. ते इथं गोळा व्हावं म्हणून हा धागा.

सुरुवात मी करते. आपल्या भागातला एक ताण पुण्या-मुंबईच्या माणसाला चटकन कळायचा नाही. सरकारी कागद कानडीत येतो. घरातल्या मोठ्यांना बोलण्यापुरती कानडी येते, वाचता येत नाही. मग तो कागद देवाच्या फोटोमागं जातो आणि तिथं बसून महिनाभर घर पोखरतो. जमिनीचं काही असेल? दंड असेल? मी वर्गात मुलांना सांगून ठेवलंय, घरी कानडी कागद आला की त्याच संध्याकाळी वाचायचा आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं मराठीत लिहायचं, कुणी पाठवलाय, शेवटची तारीख कोणती, सोबत काय न्यायचंय. आमच्या दहावीतल्या एका मुलीच्या घरी असा कागद गणपतीपासून दिवाळीपर्यंत पडून होता. वडील रात्री उठून अंगणात फेऱ्या मारायचे. वाचला तेव्हा निघालं काय, तर रेशनकार्डाला आधार जोडून घ्या म्हणून सूचना. (भाषेचं राजकारण या धाग्यावर नको. त्याला दुसरे धागे आहेत आणि तिथं मीही बोलते.)

ज्या काळज्यांवर आज करण्यासारखं काहीच नसतं, त्यांना मी संध्याकाळची वेळ नेमून दिली आहे. दिवाबत्ती झाली की पंधरा मिनिटं वही घेऊन बसायचं आणि डोक्यात असेल ते सगळं उतरवायचं. रात्री तीच काळजी परत आली तर तिला सांगायचं, उद्या सातला ये. मानसोपचारात ही रीत बऱ्याच वर्षांपासून वापरतात. पहिले काही दिवस काळजी ऐकत नाही, नंतर ऐकायला लागते. वही अंथरुणात मात्र घ्यायची नाही.

तुमच्याकडे काय चालतं ते लिहा. आरोग्य खात्यातलं कुणी असेल तर त्यांनी जरूर लिहावं.

सिस्टर_टिळकवाडी

ताई, बरं झालं हा विषय काढलात. मी बेळगावातच नर्स आहे. शरीरात काय होतं तेवढं सांगते, म्हणजे पुढचं का करायचं ते कळेल.

जांबोटीच्या रानात अस्वल समोर आलं तर शरीर जे करील तेच ते बँकेचा मेसेज आल्यावर करतं. काही सेकंदांत ॲड्रेनलिन सुटतं, काळीज धडधडतं, पोटाकडचं रक्त हातापायांकडं वळतं, म्हणून भूक मरते. मागोमाग कॉर्टिसॉल वाढतं. ते वीस-तीस मिनिटांनी पुरतं चढतं आणि उतरायला वेळ घेतं. अस्वल बघून माणूस पळतो, म्हणजे आलेली ताकद खर्ची पडते. मेसेज बघून आपण खुर्चीतच बसून राहतो. दिवसातून असं अनेकदा झालं की शरीराला उतरायला सवडच मिळत नाही. मानेतल्या गाठी, ॲसिडिटी, उडालेली झोप, चढलेलं बीपी हे त्यातनं येतं.

तेव्हा पहिलं काम शरीराला सांगायचं, की अस्वल गेलं. ते सांगायचा सगळ्यांत जवळचा रस्ता म्हणजे श्वास. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना कमी होतात, हे व्हेगस नावाच्या नसेचं काम आहे. म्हणून सोडायचा श्वास लांब ठेवायचा. नाकानं चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला साधारण सहा श्वास होतात. पाच मिनिटं पुरे. पोट हललं पाहिजे, खांदे वर जाता कामा नयेत. गरगरल्यासारखं झालं तर थांबा, श्वास जोरात ओढला जातोय असा त्याचा अर्थ.

यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. मी दुसऱ्या रेल्वे गेटला करते. गेट पडलं की मागचे हॉर्न वाजवतात, काही जण दांड्याखालून गाडी घालतात. मी स्कूटी बंद करते, हात हँडलवरून काढून मांडीवर ठेवते, जबडा सैल सोडते. दात किती घट्ट आवळलेले होते ते सोडल्यावरच कळतं. मग गाडी जाईपर्यंत मोजत बसते. मालगाडी असली तर चांगली चार-पाच मिनिटं मिळतात.

दुसरं चालणं. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगितली आहेत, दम लागेल पण बोलता येईल अशा वेगानं. रोज अर्धा तास, पाच दिवस, की दीडशे भरतात. टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मोकळ्या आवारातली झाडं त्यासाठीच आहेत असं मला नेहमी वाटतं.

ऊसपट्टा_चिकोडी

राग मानू नका, खरं श्वास मोजून उसाचं बिल जमा होत नाही. माझा ऊस जाऊन किती दिवस झाले, कारखान्याकडनं पैसे नाहीत. कायद्यात १४ दिवस लिहिलेत. सोसायटीचं व्याज तारखेला लागतं, त्याला कुणी श्वास सोडा म्हणत नाही. आमच्यासारख्यांचा ताण डोक्यातला नाही, खिशातला आहे.

मलप्रभाकाठ

दादा, राग कसला. तुमचं बरोबर आहे. कारण बाहेर असेल तर ते बाहेरच सोडवावं लागतं, आणि शेतकऱ्याला नुसतं ‘शांत राहा’ सांगणं हा अन्याय आहे. मला एवढंच म्हणायचंय की रात्रभर जागलेल्या माणसाला सकाळी कारखान्याच्या ऑफिसात धड भांडताही येत नाही. झोप आणि श्वास त्या भांडणासाठी पाहिजेत. तुम्ही पुढं काय केलंत, ते लिहाल का?

ऊसपट्टा_चिकोडी

सांगतो. आधी आम्ही एकेकटे जायचो. पुढच्या आठवड्यात या, असं क्लार्क म्हणायचा, आणि आम्ही परत यायचो. येताना चौकात चहा, तंबाखू, एकमेकांचं ऐकून आणखी डोकं फिरायचं. मग गल्लीतल्या एका मास्तरांनी सांगितलं तसं सगळ्यांनी वजनाच्या पावत्या एकत्र केल्या, तारखा लिहिल्या, १४ दिवसांचा नियम घालून एकच अर्ज केला. सगळे मिळून गेलो. आवाज कुणी चढवायचा नाही असं ठरवूनच गेलो होतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घेतली.

पैसे आले ते उशिराच आले, तेही दोन हप्त्यांत. खरं पोच हातात आली त्या रात्री मला झोप लागली. आता पोच म्हणजे पैसे नव्हेत, तरी लागली. आणि त्याच रात्री मंडळींना कर्जाचा आकडा सांगितला. ती म्हणाली, एवढाच होय, मला वाटलं जमीन गेली की काय. तिनं दुधाचे पैसे वेगळे ठेवायला सुरुवात केली.

सिस्टर_टिळकवाडी

दादा, तुम्ही लिहिलंत ते माझ्या श्वासापेक्षा महत्त्वाचं आहे. माणसाला जेव्हा वाटतं की माझ्या हातात काहीच नाही, तेव्हा ताण सगळ्यांत जास्त चढतो. थोडं जरी हातात आलं तरी शरीर ढिलं पडतं. आणि घरात आकडा सांगणं, हे तर मी वॉर्डात येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला सांगेन.

सेकंडशिफ्ट_उद्यमबाग

मी कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. सेकंड शिफ्ट सुटून घरी यायला साडेबारा होतात. डोळे थकलेले खरं झोप येत नाही. मग मोबाइल. दोन कधी वाजतात कळत नाही. सकाळी आठला पोरगीला शाळेत सोडायचं. शिफ्टमध्ये चहा चार-पाच वेळा होतो, शेवटचा दहाच्या सुमाराला. मशीनवर केलेला पार्ट रिजेक्ट झाला की सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलतो, ते डोक्यात फिरत राहतं. आमच्यातले काही जण शिफ्ट सुटली की क्वार्टर मारूनच घरी जातात, त्याशिवाय झोपच येत नाही म्हणतात. मी घेत नाही, खरं कधीकधी वाटतं त्यांचंच बरोबर आहे का काय.

सिस्टर_टिळकवाडी

त्यांचं बरोबर नाही. दारूनं डोळा लवकर लागतो, पण ती उतरायला लागली की उत्तररात्री झोप तुटते, घाम फुटतो, छाती धडधडते. सकाळी चिडचिड, संध्याकाळी परत तीच. काही महिन्यांनी तेवढ्यानंच भागत नाही. तुम्ही घेत नाही ते चालू ठेवा.

चहाचं म्हणाल तर त्यातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. दहाचा चहा रात्री तीनपर्यंत अर्धा अंगात असतो. शेवटचा चहा आठच्या आत घ्या. दहाला काहीतरी गरम पाहिजेच असेल तर नुसतं आलं घातलेलं दूध किंवा कढण थर्मासमधून न्या.

घरी आल्यावर लगेच अंथरुणात जाऊ नका. कोमट पाण्यानं हातपाय धुवा, दिवा मंद ठेवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. वीस मिनिटांत झोप आली नाही तर उठून बसा आणि डोळे जड झाले की परत जा. अंथरूण म्हणजे जागण्याची जागा, असं शरीरानं शिकता कामा नये. मोठ्या माणसाला सात तास तरी लागतात. तुमच्या घड्याळात ते रात्री सलग बसत नाहीत, म्हणून पोरीला सोडून आल्यावर तास-दीड तास पडदे ओढून झोपा, आणि घरच्यांना सांगा की ही आळसाची झोप नव्हे, शिफ्टचीच राहिलेली झोप आहे. दुपारी उशिरा मात्र झोपू नका.

सुपरवायझरचं बोलणं डोक्यात फिरतं त्याला ताईंची वही वापरून बघा. अमेरिकेत जेम्स पेनबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात यावर प्रयोग केले होते. मनात सलणारं रोज पंधरा-वीस मिनिटं, तीन-चार दिवस सलग लिहायचं. सगळ्यांना सारखा गुण येत नाही, पण खर्च काही नाही. लिहून फाडून टाकलं तरी चालतं.

निपाणीची_लेक

आमच्या घरात विडी वळायचं काम आहे. आई, काकू, शेजारच्या दोघी. मांडीवर सूप, पाठ वाकलेली, मान खाली, सकाळपासून. संध्याकाळी आईचे खांदे हात लावू देत नाहीत. हजार विड्यांची मजुरी, त्यात खराब म्हणून काढून टाकलेल्या वेगळ्या. तिला ताण आहे का विचारलं तर म्हणते, ‘मला कसला गं ताण, खांदा तेवढा दुखतो.’

मला फिजिओथेरपीवाल्या एका ताईंनी दाखवलेलं आईला शिकवलं. मुठी घट्ट आवळायच्या, पाच मोजायचे, एकदम सोडायच्या. मग खांदे कानापर्यंत, पाच, सोड. मग कपाळ, जबडा, पोट, पाय. आवळलेलं आणि सोडलेलं यातला फरक अंगाला कळायला लागतो. एडमंड जेकबसन नावाच्या डॉक्टरांनी शंभरेक वर्षांपूर्वी ही पद्धत बसवली, असं त्या ताई म्हणाल्या. आई ऐकून हसली, पण आता पानं भिजायला टाकली की चौघी मिळून करतात. काकू मोजते.

एक मात्र बघितलंय. त्या चौघी एकत्र बसून वळतात तोवर बोलणं चालू असतं, सुनेचं, सोन्याच्या भावाचं, कुणाच्या नवऱ्याचं. पावसात घरोघरी बसायला लागतं तेव्हा आईची चिडचिड दुप्पट होते.

आणि निपाणीतून लिहितेय म्हणून तंबाखूचं बोलायलाच पाहिजे. आमचं पोट त्याच्यावर आहे. तरी भावाला मी सांगते, तंबाखूनं ताण जातो असं वाटतं ते खोटं आहे. मागच्या चिमटीची नशा उतरली की जी बेचैनी येते तीच पुढच्या चिमटीनं जाते, आणि त्याला वाटतं ताण गेला.

सिस्टर_टिळकवाडी

तंबाखूबद्दल अगदी बरोबर लिहिलंत. सोडल्यावर सुरुवातीचे दिवस बेचैनी वाढते, म्हणून लोक परत वळतात. ते दिवस निघाले की सोडलेल्यांची बेचैनी आधीपेक्षाही कमी होते.

टाळकरी_जांबोटी

आमच्याकडं रात्री आठला देवळात भजन असतं. पाऊस किती का असेना, जंगलातनं बॅटरी घेऊन माणसं येतात. दिवसभर भातात वाकून आलेला माणूस टाळ हातात घेतला की तासभर दुसरं काही आठवत नाही. कुणी आला नाही तर दुसऱ्या दिवशी चौकशीला घरी जातात. माझ्या मतानं हेच औषध आहे, बाकी सगळं शहराचं.

अनगोळचा_पोरगा

काका, तुमच्या भजनाबद्दल आदर आहे, पण मी देवळात जाणारा नाही. माझ्यासारखे पुष्कळ आहेत. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू आहे, बरोबरचे पुण्याला नोकरीला लागले, त्यांचे स्टेटस बघितले की दिवस जातो. मी सकाळी किल्ला तलावाला पळायला जातो आणि दुपारी जेवेपर्यंत नेट बंद ठेवतो. एवढं केलं की अभ्यास होतो.

सिस्टर_टिळकवाडी

दोघांचंही खरं आहे. अभंगाची ओळ लांब म्हणताना श्वास आपोआप लांब सुटतो, त्यात चाल, टाळ, शेजारी ओळखीची माणसं. पळण्यात अस्वलाच्या भीतीनं आलेली ती ताकद खर्च होते. ज्याला जे रोज जमेल ते त्यानं धरावं. फक्त काका, ‘हेच औषध’ असं म्हणू नका. ताण एका मर्यादेपलीकडं गेला की ते दुखणं होतं आणि त्याला डॉक्टर लागतो. दोन आठवडे रोज बहुतेक वेळ मन उदास, कशातच गोडी नाही, झोप-भूक बिघडलेली, असं असेल तर दाखवायलाच पाहिजे. थायरॉइड, रक्त कमी असणं, बी-१२ कमी असणं यानंही असंच वाटतं, तेही तपासून घ्यावं.

शहापूर_ते_पुणे

आई शहापुरात एकटी असते. तिला चिंता वाटली की दिवसातून सात-आठ फोन, मी मीटिंगमध्ये असले की माझाही ताण वाढतो. आता रात्री नऊची वेळ ठरवली आहे, व्हिडिओ कॉल, आणि शेजारच्या काकूंकडे किल्ली. नऊला मी फोन करतेच याची तिला खात्री पटली तसे मधले फोन कमी झाले. आणखी कुणाचा असा अनुभव?

अनगोळचा_पोरगा

मघाशी लिहायचं टाळलं, पण आता विचारतोच. माझ्याबरोबर अभ्यास करणारा एक मित्र आहे. दोनदा नापास झाला. महिनाभर रूमवरून बाहेर येत नाही. परवा म्हणाला, ‘मी नसलो तर घरच्यांचा खर्च तरी वाचेल.’ मी विषय बदलला. काय करू?

सिस्टर_टिळकवाडी

आज त्याच्याकडे जा. उद्यावर टाकू नका. सरळ विचारा, ‘तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्यानं विचार डोक्यात भरत नाही, उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. उपदेश करू नका, घरच्यांचं तोंड बघ असं म्हणू नका. ऐका. त्यानं काही ठरवलंय असं वाटलं तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा आणि तसंच थेट दवाखान्यात न्या.

१४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे. केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केला, फोन फुकट, चोवीस तास चालू. तुम्ही त्याच्याजवळ बसून लावला तरी चालेल. बेळगावला सिव्हिलमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. तालुक्याच्या लोकांसाठी म्हणून सांगते, कर्नाटकात ‘मनोचैतन्य’ योजनेत मंगळवारी तालुका रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ येतात, जायच्या आधी फोन करून विचारून घ्या. धारवाडला सरकारी मानसोपचार संस्था आहे, तीही लांब नाही.

सेकंडशिफ्ट_उद्यमबाग

१४४१६ ला मराठीत बोलतात का? कर्नाटकातनं लावला तर कानडीच लागेल ना?

सिस्टर_टिळकवाडी

सुरुवातीला भाषा निवडायला सांगतात, त्यात मराठी आहे.

टाळकरी_जांबोटी

पोरा, मी मघाशी म्हटलं ते राहू दे. मित्राला घेऊन दवाखान्यात जा. आमच्या गावातसुद्धा एक जण असा गेला, भजनाला रोज यायचा. कुणाला कळलं नाही.

अनगोळचा_पोरगा

जाऊन आलो. विचारलं. रडला. हो म्हणाला, पण काही ठरवलेलं नाही म्हणतो. रात्री मी त्याच्याच रूमवर आहे, फोन लावून दिला, तो आत बोलतोय. उद्या सकाळी सिव्हिलला जायला तयार झालाय. त्याचा भाऊ गोव्यात असतो, त्यालाही कळवलं, तो रात्रीच्या बसनं निघतोय. डॉक्टरांकडे बरोबर भावानं जावं का मी?

सिस्टर_टिळकवाडी

तो ज्याच्याशी बोलला त्यानं, म्हणजे तुम्ही. भाऊ बाहेर बसू दे, डॉक्टर बोलावतील तेव्हा आत येईल. आधारकार्ड आणि आधीच्या औषधांची चिठ्ठी असली तर घ्या. ओपीडीची चिठ्ठी काढायला रांग असते, लवकर जा. नाश्ता करून जा दोघं.